कंपनी शाळेला विज्ञान प्रयोगशाळा देतेय, प्रस्तावात नेमकं काय मागायचं?

सिन्नरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सिन्नर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, काहींचे आईवडील माळेगाव-मुसळगाव एमआयडीसीत कामाला. त्याच एमआयडीसीतल्या एका कंपनीकडून हेडसरांना फोन आला की सीएसआरमधून (म्हणजे कंपन्यांना नफ्यातून सामाजिक कामावर खर्च करावा लागतो त्या पैशातून) तुमच्या शाळेत विज्ञान-तंत्रज्ञानासाठी काहीतरी करायचंय, प्रस्ताव पाठवा, पण जरा लवकर. हेडसरांनी ते माझ्याकडे दिलं. कंपनीच्या मॅडमशी बोललो तर त्यांच्याकडे एका व्हेंडरचं तयार पॅकेज आहे, रोबोटिक्स किट, थ्रीडी प्रिंटर, मोठा टच पॅनल, भिंतींवर रंगीत चित्रं, सगळं पंधरवड्यात उभं करून देतात. मॅडम मनापासून बोलत होत्या, त्यांना खरंच चांगलं काम करायचंय, म्हणूनच मला हे नीट व्हायला हवंय.

अडचण अशी की आमच्याकडे आधीच्या एका देणगीदाराने दिलेलं कपाटभर साहित्य पडून आहे. त्यात चांगले डिजिटल मल्टिमीटर आहेत आणि त्यातले जवळजवळ सगळे करंट मोजत नाहीत. होतं काय, मुलं करंटच्या रेंजवर ठेवून प्रोब थेट सेलच्या दोन टोकांना लावतात, आतला २०० मिलीअँपिअरचा फ्यूज उडतो आणि मीटर बिघडला म्हणून परत कपाटात जातो. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळते, मागचे स्क्रू काढले की दोन मिनिटांत बसते. पण ते पैसे कुठल्या खात्यात दाखवायचे, मीटर उघडला आणि पूर्णच गेला तर डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) काय लिहायचं, निर्लेखन म्हणजे वस्तू बाद झाल्याची नोंद कोण करून देणार, या भानगडीत कुणी पडत नाही. प्रयोगशाळा परिचराचं पद रिकामं आहे. दहावीला प्रात्यक्षिकाचे मार्क सगळ्यांना मिळतात पण ओहमच्या नियमाची जोडणी स्वतःच्या हाताने केलेली मुलं वर्गात मोजकीच.

तर काय मागू? वस्तू सोडून दुसरं काही सीएसआरमध्ये मागता येतं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आकडेमोड

सर, मी पुण्यात सीए आहे, काही कंपन्यांचं सीएसआरचं कम्प्लायन्स बघतो. आधी कायदा बघू कारण काय मागता येईल ते त्यावरच ठरतं.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कशावर करायची त्याची यादी सातव्या परिशिष्टात आहे, शिक्षण त्यात सरळ लिहिलेलं आहे त्यामुळे शाळेचा प्रश्न नाही. (त्याच यादीत विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधनासाठी आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा, सरकारी इनक्युबेटर यांना पैसे द्यायचीही सोय आहे, पण तो वेगळा रस्ता.)

आता तुमच्या कामाचं. बऱ्याच शाळांचा आणि खरं सांगायचं तर बऱ्याच कंपन्यांच्या लोकांचाही समज असतो की सीएसआरमधून पगार देता येत नाहीत कारण प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. शिक्षणाच्या प्रकल्पात शिकवणाऱ्या माणसाचा पगार हा त्या प्रकल्पाचाच खर्च धरला जातो, कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात हे उदाहरणासकट सांगितलंय. म्हणजे तुम्ही विज्ञान सहायक मागू शकता, त्याचं मानधन मागू शकता, शिक्षकांचं प्रशिक्षण मागू शकता, रसायनं आणि फ्यूजसुद्धा मागू शकता.

दुसरं, मुदत. "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून मंजूर झालं तर ज्या वर्षी सुरू झालं ते आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतं. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनी वेगळ्या बँक खात्यात टाकते आणि तिथून तीन वर्षांत खर्च करते. प्रकल्प एकाच वर्षाचा दाखवला तर ही सोय नाही, शिल्लक पैसे सहा महिन्यांच्या आत सरकारी फंडात जमा करावे लागतात. फेब्रुवारीत शाळांना घाईचे फोन येतात ते यामुळेच. तुमच्या मॅडमना स्पष्ट सांगा की आम्हाला तीन वर्षांचा प्रकल्प हवाय, त्यांनाही ते सोयीचंच पडेल.

टॉर्क

चाकणला एका ऑटो कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडून काही जण शनिवारी जवळच्या शाळेत जातो म्हणून लिहितोय.

थ्रीडी प्रिंटरला सरसकट नको म्हणू नका सर. आम्ही ज्या शाळेत जातो तिथे अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाची ही योजना २०१६ ला सुरू झाली, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, १० उभारणीला आणि १० पुढची पाच वर्षं चालवायला. हे चालवायला ठेवलेले १० फार महत्त्वाचे आहेत, व्हेंडरच्या तयार पॅकेजमध्ये नेमका तोच भाग नसतो. तिथल्या पोरांनी विहिरीतली पाण्याची पातळी दाखवणारा सेन्सर बनवला, अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि अल्ट्रासोनिक मॉड्युल वापरून, केस प्रिंटरवर काढली. चुकत चुकत केलं पण केलं. गावातल्या मुलांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि लिटमसवरच थांबावं आणि शहरातल्यांनी रोबोट बनवावेत हे मला मान्य नाही.

पण प्रिंटर चालू ठेवणं हे काम आहे. पावसाळ्यात फिलामेंट उघडं राहिलं तर ओलावा धरतं, मग प्रिंट करताना फटफट आवाज येतो, तार निघते, नोझल चोक होतो. नोझल गरम करून साफ करायचा, बेड लेव्हल करायचा, हे जमणारा माणूस शाळेत नसेल तर पहिल्या पावसाळ्यात मशीन बंद पडतं आणि तसंच राहतं.

म्हणून माझी सूचना, पैशांबरोबर कंपनीचा मेंटेनन्स विभाग मागा. खरंच मागा. प्रत्येक कारखान्यात टूलरूम असते, मीटर कॅलिब्रेट करणारी माणसं असतात, सोल्डरिंगमध्ये हात बसलेले वायरमन असतात. महिन्यातून एकदा त्यातले दोघं शाळेत आले आणि बंद पडलेल्या वस्तू मुलांना सोबत घेऊन दुरुस्त केल्या तर तो अख्खा तास विज्ञानाचा. तुमचे मल्टिमीटर एका दुपारचं काम आहे. आणि पोरांना कळतं की वस्तू उघडता येते, आत बघता येतं, भीती मोडते. ही मोडलेली भीती मला कुठल्याही किटपेक्षा मोलाची वाटते.

आकडेमोड

टॉर्क, सूचना उत्तम. फक्त एक, कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. तसंच जुने कॉम्प्युटर, जुनी यंत्रं देऊन त्यांची किंमतही दाखवता येत नाही, कंपनीने प्रत्यक्ष पैसा खर्च करायला लागतो. म्हणून प्रस्तावात हे दोन भाग वेगळे लिहा, खर्चाचा भाग आणि स्वयंसेवेचा भाग. स्वयंसेवेला कायद्याची आडकाठी काहीच नाही.

माणदेशी

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मांडायलाच हवं.

शाळेत प्रयोगशाळा परिचर नाही, विज्ञान शिक्षकाच्या जागा रिकाम्या, वेतनेतर अनुदान (पगार सोडून बाकी खर्चासाठीचं) वेळेवर येत नाही, ही सरकारची जबाबदारी आहे. ती आपण कंपनीच्या दारात नेऊन ठेवतोय. कंपनीचा नफा घसरला की २ टक्के पण घसरणार, पुढच्या वर्षी नवा डायरेक्टर आला आणि त्याला शिक्षणाऐवजी झाडं लावायची असली की प्रकल्प संपला. मुलांचं विज्ञान कुणाच्या ताळेबंदावर अवलंबून राहावं का? आणि ज्या शाळेजवळ एमआयडीसी नाही तिचं काय? आमच्या माण तालुक्यात कुठली कंपनी येणार आहे?

सीएसआर घेऊ नका असं म्हणत नाही मी. घ्या. पण रिकामं पद भरा ही मागणी त्याबरोबर लेखी चालू ठेवा. कंपनीने माणूस दिला की शिक्षण विभाग म्हणतो भागतंय की, आणि पद कायमचं जातं. आमच्याकडे एका शाळेत असंच झालं.

रानजाई

माणदेशी दादांच्या बोलण्यात माझीच गोष्ट आहे. मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते.

देशभरात २०२२-२३ मध्ये सीएसआरवर सुमारे ३० हजार कोटी खर्च झाले, त्यातले सुमारे १० हजार कोटी शिक्षणावर. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त वाटा महाराष्ट्राचा. ऐकायला छान वाटतं. पण महाराष्ट्र म्हटलं की त्यातला केवढा मोठा भाग मुंबई-पुणे आणि त्यांच्या आसपास राहतो हे इकडे राहिलं की कळतं. कायदा म्हणतो कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्या. मंत्रालयानेच नंतर सांगितलं की हे प्राधान्य सूचनेसारखं आहे, सक्ती नाही, समतोल ठेवा. म्हणजे पुण्यातली कंपनी ठरवेल तर भामरागडच्या शाळेला पैसे देऊ शकते. कुणी ठरवायचं एवढाच प्रश्न आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत आपल्या राज्यातले चार आहेत, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. ज्यांच्या हातात निर्णय आहे अशी माणसं इथे वाचत असतील तर त्यांनी ही चार नावं लक्षात ठेवावीत, माझी हात जोडून विनंती आहे.

आमच्याकडे नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राची फिरती प्रदर्शनाची बस आली होती. मुली बसमधून उतरायलाच तयार नव्हत्या. पण बस संध्याकाळी गेली आणि मुलींचे प्रश्न माझ्याकडे राहिले, मी एकटी, हातात एक भिंग आणि एक चुंबक. पैसा नसतो तेव्हा निदान माणूस तरी परत परत यावा असं वाटतं.

फिरती_शाळा

रानजाई ताई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं एका संस्थेच्या फिरत्या विज्ञान प्रयोगशाळेवर काम केलं, नंदुरबार आणि धुळ्याकडे, सीएसआरच्याच पैशांवर. गाडीत साहित्य भरायचं, शाळेत टेबलं मांडायची, मुलं गटागटाने यायची. आंध्रात कुप्पमला अगस्त्य फाउंडेशनने १९९९ पासून हे काम फार मोठं केलं, त्यांच्या गाड्या अनेक राज्यांत फिरतात.

यातून मला जे कळलं ते सांगते. कंपनीला आम्ही दर तीन महिन्यांनी आकडा द्यायचो, इतक्या शाळा, इतकी मुलं. आकडा मोठा दिसावा म्हणून एका शाळेत एकदाच जायचं आणि पुढची शाळा गाठायची. एका वर्षी आमच्या एका देणगीदार कंपनीच्या अधिकाऱ्यांनी स्वतः शाळेत येऊन दिवसभर बघितलं आणि म्हणाले शाळा निम्म्या करा पण प्रत्येक शाळेत दर महिन्याला जा. त्या वर्षी फरक दिसला. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मुलं स्वतःहून सांगायला लागली की मागच्या वेळी केलेलं घरी करून बघितलं, आमचं असं आलं, तुमचं तसं का आलं. शिक्षकही मोकळे झाले. पहिल्या वेळी ते मागे उभे राहायचे, तिसऱ्या वेळी एका टेबलावर स्वतः उभे राहिले.

सर, तुमच्या प्रस्तावात "लाभार्थी विद्यार्थी संख्या" असा एक रकाना असणारच. त्याच्या शेजारी तुम्ही स्वतःचा एक रकाना घाला, प्रत्येक मुलाने वर्षभरात स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले. एवढी एक गोष्ट मोजायला लागलं की सगळं साहित्य आपोआप कपाटाबाहेर येतं.

आणखी एक, हे बारकाईने बघा. गट सहा-सात जणांचा असला की मुलगे वायर हातात घेतात आणि मुली जर्नल लिहितात. प्रत्येक शाळेत, न सांगता. दोघा-तिघांचे गट करा, त्यासाठी साहित्याचे संच जास्त लागतील, तर महागडं एक यंत्र कमी मागा आणि साध्या वस्तूंचे संच जास्त मागा.

निवृत्त_विज्ञान

फार दिवसांनी इतका चांगला धागा वाचला. साताऱ्याकडे आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे.

उद्योगाच्या पैशातून विज्ञान शिक्षण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जमशेदजी टाटांच्या देणगीतून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली उभी राहिली, दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९४५ साली टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था. हे सगळ्यांना माहीत असतं. पण शाळेपुरतं बोलायचं तर १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं तेही दोराबजी टाटा ट्रस्टच्या अनुदानावर, आणि या मंडळींनी सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला ग्रामीण शाळांमध्ये काम केलं, स्वस्त साहित्य, शिक्षकांच्या नियमित बैठका, पुस्तकातली भाषा सोपी करणं. तेव्हा २ टक्क्यांचा कायदा नव्हता. पैसा थोडा होता पण तो माणसांवर आणि वेळेवर खर्च झाला.

दुसरं पाबळ. शिरूर तालुक्यातलं विज्ञान आश्रम, १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी सुरू केलं. ते हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधनात होते, ती नोकरी सोडून या कोरडवाहू गावात आले. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा अभ्यासक्रम, आयबीटी म्हणतात त्याला, राज्यातल्या बऱ्याच शाळांत चालतो आणि त्यातल्या अनेक शाळांना कंपन्यांचा सीएसआरच पैसा पुरवतो. आठवड्यातला एक दिवस मुलं हाताने काम करतात. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी, रोपवाटिका. शिकवणारा निदेशक बऱ्याचदा गावातलाच कारागीर असतो, त्याला मानधन मिळतं. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असतं, शाळेचं बाक दुरुस्त होतं, कुणाच्या गोठ्यात वायरिंग होतं, आणि त्यातून चार पैसे शाळेलाही येतात. तुमच्या कंपनीच्या मॅडमना आधी एकदा पाबळला घेऊन जा. माझ्या शंभर पानी लेखापेक्षा त्या एका भेटीने जास्त कळेल.

तिसरं, तुमच्या भागात द्राक्षं आहेत सर. प्रत्येक बागायतदार बोर्डो मिश्रण करतो, मोरचूद आणि चुना. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला जुने लोक त्यात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवतात, तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना घाला. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच, लोखंड मोरचुदातून तांबं बाहेर काढतं. तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी हा प्रयोग दर हंगामात होतो. मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतो, खिळा कुठेही. मुलांना सांगा घरून मिश्रणाचा नमुना आणा, पीएच पेपर लावा, खिळा बुडवा, चुना किती घातला की थर यायचा थांबतो ते नोंदवा. (पानांना तांबं जाळू नये म्हणून चुना, हे तुमचे पालकच वर्गात येऊन सांगतील, त्यांना बोलवा.) हातमोजे आणि स्वच्छ पाणी मात्र ठेवा, मोरचूद विषारी आहे.

नेकरकाठ

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. माझी मुलगी इथे किंडरगार्टनला होती तेव्हा तिथे हाउस डेर क्लाइनेन फोर्शर नावाचा कार्यक्रम होता, आता त्याचं नाव बदललंय. २००६ साली काही कंपन्यांच्या फाउंडेशन आणि हेल्महोल्ट्झ संशोधन संस्था यांनी मिळून सुरू केला. त्यात शाळेला यंत्रं देत नाहीत, बाई आणि सरांना प्रशिक्षण देतात, पुन्हा पुन्हा बोलावतात, स्थानिक गट तयार करतात. मुलांच्या हातात पाणी, कागद, चुंबक, बर्फ. इतक्या श्रीमंत देशात, इतक्या मोठ्या उद्योगांच्या शेजारीसुद्धा पैसा शिक्षकावर खर्च करावा असं त्यांना वाटलं, हे सांगावंसं वाटलं एवढंच.

माणदेशी

काका, पाबळचं ऐकून होतो, निदेशक गावातलाच असतो हे माहीत नव्हतं. असं असेल तर माझी हरकत बरीच कमी होते. कंपनी गेली तरी तो कारागीर गावात राहतो. पण पद भरायची मागणी सोडू नका यावर मी ठाम आहे.

सिन्नरचा_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी, तुमचं पटलं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून रिकाम्या पदाचं पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना पुन्हा पाठवतोय, ते काम प्रस्तावापासून वेगळं चालू राहील.

प्रस्तावाचा कच्चा खर्डा असा झालाय, हेडसरांना दाखवलाय. प्रकल्प तीन वर्षांचा. सगळ्यात मोठी रक्कम एका विज्ञान सहायकाच्या मानधनाला, शक्यतो तालुक्यातली बीएस्सी झालेली मुलगी किंवा मुलगा, आणि आठवड्यातून एक दिवस गावातला वायरमन किंवा फॅब्रिकेशनवाला. दुसरी रक्कम दरवर्षीच्या खपणाऱ्या वस्तूंना, म्हणजे रसायनं, सेल, फ्यूज, काचसामान, आणि ही रक्कम जूनमध्येच शाळेकडे यावी असं लिहिलंय कारण मार्चमध्ये साहित्य आलं तर मुलं परीक्षेत असतात, मग सुट्टी, मग पावसाळा. तिसरी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, आमच्याबरोबर आसपासच्या चार शाळांच्या शिक्षकांनाही. साहित्यात प्रत्येक प्रयोगाचे दहा साधे संच. थ्रीडी प्रिंटर पहिल्या वर्षी मागितला नाही, टॉर्कदादा रागावू नका, दुसऱ्या वर्षी सहायकाचा हात बसला की मागू. मेंटेनन्स विभागाची महिन्यातून एक भेट स्वयंसेवा म्हणून वेगळी लिहिली. आणि फिरती_शाळा ताईंचा रकाना जसाच्या तसा घेतला.

एक वाक्य खास घातलंय, की वापरताना साहित्य मोडणं, फुटणं हे अपेक्षित आहे आणि त्याची भरपाई विद्यार्थी किंवा शिक्षकाकडून घेतली जाणार नाही. हे करारात आलं तर मला वाटतं निम्मी कुलपं निघतील.

मॅडमशी फोनवर बोललो. माणसाच्या मानधनावर त्या थोड्या थांबल्या, म्हणाल्या कमिटीला फोटोत काय दाखवू. मी म्हटलं मुलं काम करतानाचे फोटो दर महिन्याला पाठवतो. विचारून सांगते म्हणाल्या.

टॉर्क

रागावतो कशाला, बरोबर केलंत. फक्त त्या दहा संचांत एक बरं सोल्डरिंग स्टेशन आणि दोन स्क्रूड्रायव्हरचे सेट टाका, नाहीतर मीटर उघडायला परत कंपनीचीच वाट बघाल.

आकडेमोड

खर्डा चांगला झालाय. दोन गोष्टी राहिल्यात.

एक, पैसे कुणाच्या हातात येणार? कंपनी स्वतः खर्च करणार असेल, म्हणजे खरेदी आणि मानधन थेट देणार असेल, तर तुमच्या संस्थेला काही नोंदणी लागत नाही. पण संस्थेच्या खात्यात पैसे घेऊन संस्थाच राबवणार असेल तर सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचं काम राबवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा) भरून रजिस्ट्रेशन नंबर लागतो, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. आणि हे लक्षात घ्या, सीएसआरमधून तयार झालेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या स्वतःच्या नावावर राहू शकत नाही. जिल्हा परिषदेची शाळा असती तर ती सरकारी म्हणून सोपं होतं, खाजगी संस्थेच्या नावावर साहित्य करायचं तर तिच्याकडे तो नंबर हवा. संस्थेच्या सचिवांना आजच विचारा, हे शेवटच्या आठवड्यात निघालं की सगळं अडतं.

दोन, कमिटीच्या प्रश्नाचं उत्तर. मॅडमना सांगा की ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम सरासरी १० कोटी किंवा जास्त असते तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं स्वतंत्र मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तुमचा प्रकल्प त्यात बसणार नाही, पण हाताने केलेल्या प्रयोगांचा हिशेब आयता मिळत असेल तर बोर्डाच्या रिपोर्टमध्ये तो फोटोपेक्षा वजनदार दिसतो. मी ज्यांचं काम बघतो त्यांना असं काही शाळेकडून आलं तर फार बरं वाटेल.

सिन्नरचा_मास्तर

सचिवांना विचारलं. १२ए आणि ८०जी आहे, सीएसआर-१ नाही. सीए बघून फॉर्म भरायला सांगतोय. तोपर्यंत खरेदी आणि मानधन कंपनीनेच थेट करावं असा पर्याय प्रस्तावात ठेवला, साहित्य नावावर करायचं ते नंबर आल्यावर.

निवृत्त काका, पाबळला जायचं तर आधी कळवावं लागतं का? मॅडम यायला तयार आहेत, म्हणाल्या कमिटीतल्या एकांनाही आणते.

निवृत्त_विज्ञान

हो, शाळेच्या लेटरहेडवर पत्र पाठवून वेळ ठरवा. तुमच्या गावातला तो फॅब्रिकेशनवाला ठरलाय ना, त्यालाही गाडीत घ्या, उद्या शिकवायचं त्यालाच आहे. आणि कमिटीतले साहेब येणार असतील तर त्यांना आश्रमासोबत जवळपासची आयबीटी चालू असलेली एखादी शाळाही दाखवा, ज्या दिवशी मुलं कामावर असतात तो वार विचारून घ्या.

फिरती_शाळा

रकान्याचा नमुना हवा असेल तर देते, आम्ही एका पानाचा तक्ता वापरायचो, मुलं स्वतःच भरायची. सर, तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा. रानजाई ताई, तुम्हालाही पाठवलाय, आणि आमच्या जुन्या संस्थेतल्या एकांशी गडचिरोलीबद्दल बोललेय, ते पुढच्या आठवड्यात तुम्हाला संपर्क करतील.

रानजाई

ताई, मिळाला निरोप. वाट बघते. आमच्या शाळेत वीज दुपारी जाते तेव्हा सोलरचं काही करता येईल का ते त्यांना विचाराल का?